‘सन ११४२पासून’ : एका सनावळीची उलटतपासणी

बाटलीवर छापलेले सालही इतिहासाचे साधन मानायचे असेल, तर इतर साधनांप्रमाणे त्याचीही चिकित्सा व्हायला हवी. उत्तर इटलीत, ब्रेनर खिंडीकडे जाणाऱ्या मार्गावर, ब्रिक्सन शहरालगत नोव्हाचेल्लाचा मठ आहे. आल्प्सच्या उतारांवरील, सुमारे ६०० ते ९०० मीटर उंचीच्या मळ्यांतून येणाऱ्या त्याच्या पांढऱ्या वाइन जगभर नावाजल्या जातात. ‘जवळजवळ नऊ शतकांची इटालियन परंपरा’ असा त्यांचा गौरव करण्याची प्रथा आहे. हा गौरव इतिहास म्हणून टिकत नाही.

मठ ११४२चा, हे खरे. ब्रिक्सनचा बिशप हार्टमान याने ऑगस्टिनियन धर्मगुरूंसाठी तो स्थापला. मध्ययुगात मठाकडे द्राक्षमळे होते, यातही वाद नाही. पण आजच्या बाटलीत कोणती द्राक्षे असतात? म्युलर-थुर्गाऊ हा १८८२ साली हेर्मान म्युलर या शास्त्रज्ञाने केलेला संकर. केर्नर त्याहून धाकटा: १९२९ साली जर्मनीतील वाइन्सबर्ग येथे ट्रोलिंगर या काळ्या आणि रीसलिंग या पांढऱ्या द्राक्षांपासून तो निपजला. (नाव मात्र त्याच गावच्या एका वैद्य-कवीचे, मद्यगीते लिहिणाऱ्याला याहून उचित स्मारक कोणते?) सिल्व्हानर जुना, परंतु तोही या खोऱ्यात बाहेरून आलेला. हार्टमानला यांतले एकही नाव ओळखता आले नसते.

‘इटालियन’ हे विशेषण तर अधिकच अडचणीचे. दक्षिण तिरोल इटलीला मिळाला तो १९१९च्या सॅं-जर्मेनच्या तहाने. त्यापूर्वीची पावणेआठशे वर्षे मठाचा इतिहास जर्मनभाषक तिरोलचा आहे आणि मठाचे तिथले नाव नोयश्टिफ्ट. पुढे फॅसिस्ट राजवटीने गावांवर इटालियन नावे लादली, १९२३पासून जर्मन शाळा बंद पाडत नेल्या. १९३९मध्ये हिटलर आणि मुसोलिनी यांच्या करारानुसार तिथल्या जर्मनभाषकांना घर सोडून राइशमध्ये जा, नाहीतर इटालियन होऊन राहा, असा पर्याय देण्यात आला; सुमारे ७५,००० लोक प्रत्यक्ष निघून गेले. ज्या भूमीत ही निवड करावी लागली, तिथली परंपरा एका विशेषणात गुंडाळणे म्हणजे विजेत्याची नोंदवही जशीच्या तशी उतरवून घेणे होय.

‘मालक बदलले, सरकारे बदलली, पण संस्था तीच,’ असा बचाव केला जातो. तोही पूर्णपणे खरा नाही. नेपोलियनच्या मेहरबानीने तिरोल बव्हेरियाकडे असताना १८०७ साली मठ बरखास्त झाला. १८१६मध्ये ऑस्ट्रियाच्या सम्राटाने तो पुन्हा उभा केला. या नऊ वर्षांपेक्षाही मोठा छेद १५२५चा आहे. त्या वर्षीच्या मे महिन्यात बंडखोर शेतकऱ्यांनी हाच मठ लुटला आणि इथेच मिखाएल गाइसमायर याला आपला नेता निवडले. तो बिशपचाच चिटणीस होता, म्हणजे वसुलीचे कागद त्याने आतून पाहिलेले. त्याने पुढे लिहिलेल्या राज्यघटनेच्या मसुद्यात विशेषाधिकार नष्ट करण्याची आणि खाणी सार्वजनिक मालकीच्या करण्याची मागणी होती. १५३२ साली पादुआत त्याचा खून झाला.

मठाच्या वैभवामागे ज्यांचे सारे आणि वेठ होती, त्यांनीच तो लुटला, ही गोष्ट ११४२ या सालाइतकीच त्या मळ्यांच्या इतिहासाची आहे. थंड रात्री, उशिराची पक्वता आणि विसाव्या शतकातील वाणनिवड यांतून घडलेल्या उत्तम वाइनला बाराव्या शतकाचा मुखवटा लागतोच असे नाही.