पोटात पाणी, दोष कुणाचा?

दिल्लीच्या कोपर्निकस मार्गावर जुने महाराष्ट्र सदन आहे. समजा, याच रस्त्यावरच्या एखाद्या कचेरीत नोकरी करणाऱ्या, सुपारीचेही खांड न खाणाऱ्या मराठी गृहस्थाचे पोट महिन्याभरात घागरीसारखे फुगले. शेजारीपाजारी काय म्हणतील? ‘घेत असणार गुपचूप!’ जलोदर म्हणजे दारू हे समीकरण इतके पक्के आहे, की क्षणभर बायकोच्याही मनात पाल चुकचुकते.

यकृताचा सिरोसिस हे जलोदराचे सर्वांत मोठे कारण खरे. पण तोही कावीळ ‘बी’ किंवा ‘सी’मुळे होऊ शकतो. क्षय आणि कर्करोग ही आणखी नेहमीची कारणे. खरी कसोटी लागते ती यांपैकी काहीच नसते तेव्हा.

१९७५ साली सरगुजा जिल्ह्यातल्या (तेव्हा मध्य प्रदेश, आता छत्तीसगड) काही आदिवासी खेड्यांत माणसांची पोटे अशीच फुगू लागली. ६७ जण आजारी पडले, २८ दगावले. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतले डॉ. बी. एन. टंडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपास केला. यकृतातल्या अगदी बारीक शिरा बुजलेल्या आढळल्या. आणि कारण? रोजच्या जेवणातले गोंदली हे भरड धान्य! त्यात खुळखुळ्याच्या जातीच्या रानवनस्पतीचे विषारी बी मिसळले होते.

निदानाची सुरुवात मात्र साधी असते. सुईने थोडे पाणी काढून तपासतात. ते दुधासारखे पांढरे असेल, तर लसिकावाहिनी फुटल्याची किंवा अडल्याची शंका येते. मग रक्तातले व पाण्यातले अल्ब्युमिन एकाच दिवशी मोजून वजाबाकी करतात. फरक १.१ ग्रॅम किंवा जास्त आला, तर यकृताकडच्या शिरांमध्ये दाब वाढलेला असतो. कमी आला, तर क्षय, कर्करोग, क्वचित स्वादुपिंडाचा आजार.

दाब आहे, पण सिरोसिस नाही, असे असेल तर डॉक्टर वर पाहतात. यकृतातून निघणाऱ्या मोठ्या शिरेत गुठळी आहे का, हे डॉपलर सोनोग्राफीत कळते. मानेच्या शिरा फुगल्या असतील, तर हृदयाचे आवरण जाड होऊन आवळले असण्याचा संभव असतो. आपल्याकडे यामागे बरेचदा जुना क्षय असतो. ते शस्त्रक्रियेने काढता येते. पण मान न पाहता नुसते पोट तपासले, तर असा रोगी वर्षानुवर्षे यकृताची औषधे घेत राहतो.

डॉक्टरांनी खाण्यापिण्याची चौकशी केली, तर वैदूकडचा काढाही सांगावा. सरगुजातले विष काही जडीबुटींतही असते.