कवठे महांकाळहून मुंबई एका तासावर नाही



कोल्हापूरहून विमानाने तासाभरात मुंबई गाठता येते, मग सांगली जिल्ह्याला वेगळा विमानतळ कशाला, या आशयाचे पत्र वाचले. कोल्हापूर-मुंबई हवाई अंतर साधारण ३०० किलोमीटर, हे पत्रलेखकांचे म्हणणे बरोबर आहे. पण ते कोल्हापूर विमानतळाच्या, म्हणजे उजळाईवाडीच्या धावपट्टीपासून मोजलेले, आमच्या दारापासून नव्हे.

कवठे महांकाळहून मिरजमार्गे उजळाईवाडी सुमारे ८० किलोमीटर. अंकली ते चोकाक रस्ता तुंबला की २ तास सहज जातात. उड्डाणाआधी तास-दीड तास हजेरी, मुंबईवर विमानांची गर्दी असली तर आकाशात घिरट्या, मग सामान आणि शहरातली वाहतूक. झाले ६ तास. मोटारीने सुमारे ४०० किलोमीटरला ८ तास लागतात. वाचले ते दोनच!

आणि प्रश्न फक्त मुंबईचा नाही. खानापूर, आटपाडी, तासगाव आणि आमच्या तालुक्यातली माणसे सोने-चांदी गलाईच्या धंद्यासाठी देशभर पसरली आहेत. दिल्लीतल्या किंवा केरळातल्या मुलाला बापाच्या अंत्यविधीला पोहोचायचे असते, तेव्हा नकाशावरची सरळ रेघ त्याच्या काय कामाची? त्याला दोन विमाने आणि पुढचा रस्ता मोजावा लागतो.

सांगलीजवळच्या कवलापूरची जुनी धावपट्टी आम्हाला उजळाईवाडीच्या जवळपास निम्म्या अंतरावर आहे. तिथे विमानतळ व्हायलाच हवा. तोवर निदान उड्डाणांच्या वेळा पाहून मिरजेहून थेट उजळाईवाडीला एसटी सोडावी.

– एक वाचक, कवठे महांकाळ