लांबी मोजायला हात लावावा लागतो

दोन वर्षांखालच्या बाळाची उंची मोजत नाहीत, लांबी मोजतात. बाळाला फळीवर आडवं झोपवायचं, एकीने डोकं वरच्या पट्टीला टेकवून धरायचं, दुसरीने गुडघे हलकेच दाबून पाय सरळ करायचे आणि सरकती पट्टी तळव्यांना लावून आकडा वाचायचा. बाळ रडतं, वळवळतं. कामाला चार हात लागतात आणि ते बाळाच्या अंगाला लावावेच लागतात. हा आकडा अंगणवाडी सेविका मोबाइलमध्ये भरते आणि 1 मार्च 2021 पासून देशभर लागू झालेलं 'पोषण ट्रॅकर' हे ॲप वयाशी ताडून बाळाची वाढ खुंटली आहे की नाही, ते लगेच सांगतं.

आकडा मोजलेला आहे की दारातून बघून अंदाजाने टाकलेला, हे मात्र ॲपला कळत नाही.

ही शंका उगाच काढलेली नाही. 11 राज्यांतल्या 565 गावांचा अभ्यास करून 2006 साली आलेल्या 'अनटचेबिलिटी इन रूरल इंडिया' या पुस्तकात असं नोंदलं आहे, की सुमारे एक तृतीयांश गावांत सरकारी आरोग्य कर्मचारी दलितांच्या घरात पाऊल ठेवत नव्हते. पुढे संघमित्रा आचार्य यांनी गुजरात आणि राजस्थानातल्या निवडक गावांत थेट दलित मुलांनाच विचारलं. मुलांनी सांगितलेल्या गोष्टी साध्या होत्या: तपासताना अंगाला हात लावत नाहीत, गोळी वरून तळहातावर टाकतात, घरात येत नाहीत. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पाच वर्षांखालच्या 35.5 टक्के मुलांची वाढ खुंटलेली आढळली. अनुसूचित जातींत हे प्रमाण सुमारे 39 टक्के, अनुसूचित जमातींत सुमारे 41 टक्के, आणि राखीव प्रवर्गाबाहेरच्या समाजांत सुमारे 30 टक्के. या फरकात गरिबी आहे, आईचं शिक्षण आहे, पाणी आणि संडास आहे. पण बाळापर्यंत न पोहोचलेला हातही त्यात आहे, आणि तो कोणत्याच रकान्यात दिसत नाही.

मग हे यंत्र बारकाईने बघतं तरी काय? आईचा चेहरा. 1 जुलै 2025 पासून गरोदर व स्तनदा मातांना आणि सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांसाठी मिळणारा घरपोच आहार देताना चेहरा पडताळणी सक्तीची झाली. आधी आधारशी जोडलेल्या क्रमांकावर ओटीपी, मग कॅमेऱ्यासमोर उभं राहून फोटो जुळवणं. कारण काय, तर बोगस लाभार्थी शोधायचे आहेत. बुंदेलखंडातल्या किंवा झारखंडातल्या एखाद्या वस्तीचा विचार करा. घरात एकच मोबाइल, तो नवऱ्याकडे आणि नवरा दुसऱ्या राज्यात वीटभट्टीवर. आधार काढताना दिलेला क्रमांक केव्हाच बंद पडलेला. आधारवरचा फोटो लग्नाआधीचा, आणि बाळंतपणानंतर रक्त कमी होऊन चेहरा ओढलेला. जिला आहाराची सगळ्यात जास्त गरज, तिचाच चेहरा जुळण्याची शक्यता कमी. आधार नाही म्हणून कोणत्याही मुलाला योजनेचा लाभ नाकारता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2018 च्या आधार निकालात स्पष्ट म्हटलं आहे. इथे मुलाचं आधार मागत नाहीत, आईचा चेहरा मागतात. पाकीट मात्र मुलाचंच अडतं.

सेविकेवर सगळं ढकलून मोकळं होणं सोपं आहे, पण ते खरं नाही. तिच्या मानधनातला केंद्राने ठरवलेला आकडा 2018 पासून दरमहा 4,500 रुपये आहे. राज्यं त्यात आपापली भर घालतात. 2021 साली महाराष्ट्रातल्या सेविकांनी सरकारने दिलेले निकृष्ट मोबाइल परत केले, आणि इंग्रजी ॲप आम्हाला कळत नाही हे उघड सांगितलं. शिवाय जात दोन्ही बाजूंनी काम करते. मदतनीस दलित आहे म्हणून सवर्ण घरांनी मुलं पाठवणं बंद केलं, तर ॲपवर दिसते फक्त घटलेली हजेरी, आणि जाब विचारला जातो केंद्राला.

म्हणून ॲप फेकून द्या, असं आम्ही म्हणत नाही. कागदी रजिस्टर कपाटात कुलूपबंद असायचं आणि ते कोणाच्या ताब्यात असायचं, हे आपण जाणतो. मजूर कुटुंब राज्य सोडून गेलं, तर बाळाची नोंद त्याच्यासोबत दुसऱ्या केंद्रात नेता येणं ही मोठी सोय आहे. आमचा आक्षेप नजरेच्या दिशेवर आहे. यंत्र खालच्यांकडे पुरावा मागतं, वरच्यांकडे हिशेब मागत नाही.

हिशेब मागायचा तर कायदा आपल्या बाजूने आहे. 13 डिसेंबर 2006 च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने अनुसूचित जाती-जमातींच्या वस्त्यांमध्ये प्राधान्याने अंगणवाडी उघडायला सांगितलं होतं. तेव्हा कोणत्या वस्तीत केंद्र आहे, कोणत्या वस्तीतल्या मुलांना गावठाण ओलांडून जावं लागतं, आणि वस्तीनिहाय किती बाळं खरोखर मोजली गेली, हे जाहीर झालं पाहिजे. जिल्ह्याच्या सरासरीत गावकुसाबाहेरची वस्ती बुडून जाते. दुसरी मागणी याहून साधी आहे. चेहरा जुळला नाही, तर ॲपने त्या आईला लेखी पावती द्यावी: अमुक तारखेला, अमुक केंद्रावर, अमुक कारणाने आहार दिला नाही. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, 2013 च्या कलम 5 प्रमाणे सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलाला अंगणवाडीतून मोफत आहाराचा हक्क आहे. कलम 8 प्रमाणे तो मिळाला नाही, तर राज्य सरकारने अन्न सुरक्षा भत्ता द्यायचा आहे. पण नकाराची पावतीच नसेल, तर भत्ता मागायचा कशाच्या आधारावर?

आपल्यापैकी काही जण आज अशीच ॲप बनवणाऱ्या कंपन्यांत आहेत, काही आकडेवारी तपासणाऱ्या संस्थांत, काही पंचायत समितीच्या कचेरीत. कोणत्या रकान्याशिवाय फॉर्म पुढे सरकणार नाही, हे अशाच टेबलांवर ठरतं. तिथे बसलेल्याने 'मोजमाप कुठे केलं, घरी की केंद्रावर' एवढा एक रकाना मागितला, तरी फरक पडेल.

बाकीच्यांना सुट्टीत गावी जाऊन करण्यासारखं काम आहे. पोरांचा वाढीचा तक्ता दाखवायला सांगा, फळी वापरात आहे का ते बघा. एखाद्या वहिनीला आहार न घेता परत पाठवलं असेल, तर तारीख, केंद्राचं नाव आणि सांगितलेलं कारण कोऱ्या कागदावर लिहून त्याच कायद्याखालच्या जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे द्या. दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नका.