रांगोळी नेमकी कुणाची?

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या. पण हा लेख मराठीतच लिहायचा होता. ज्यांच्याबद्दल आहे, त्यांना इंग्रजी येत नाही.

आमचा थर्ड इयरचा मिनी प्रोजेक्ट असा : एका रांगोळीचा फोटो द्यायचा आणि कॉम्प्युटरने त्याच धाटणीच्या नव्या रांगोळ्या काढायच्या. नमुना दिला लेडीज होस्टेलच्या मेसमधल्या मावशींनी. १५ ते ८ ठिपक्यांची रांगोळी, म्हणजे मधल्या ओळीत १५ आणि वर-खाली एकेक कमी होत ८. ठिपक्यांचा छान षटकोन होतो. प्रोग्रॅम फोटोचे ठिपक्यागणिक तुकडे करतो, कुठल्या तुकड्याशेजारी कुठला बसतो हे टिपून ठेवतो. मग षटकोनाचा सहावा हिस्सा भरायचा आणि तोच फिरवत बाकीचे पाच. कल्पना काही नवी नाही. १९७४ सालीच गिफ्ट सिरोमनी, रानी सिरोमनी आणि कमला कृतिवासन यांनी कोलमचं व्याकरण कॉम्प्युटरच्या भाषेत मांडलं होतं.

एका रात्रीत शंभर रांगोळ्या! ऐटीत प्रिंटआऊट दाखवले. मावशी बराच वेळ बघत राहिल्या. म्हणाल्या, "छान आहे गं. पण सुरुवात कुठून करायची? आणि पाय कुठे ठेवायचा?"

व्हायव्हालासुद्धा असा प्रश्न कुणी विचारला नाही. प्रोग्रॅमला पुरी झालेली रांगोळी कळते, ती काढणारा हात कळत नाही. मावशी मधून सुरू करतात आणि बाहेर सरकत येतात, आपल्याच रेघेवर पाय पडू नये म्हणून.

पुढे गॅदरिंगच्या पोस्टरवर त्यातलीच एक रांगोळी छापली. खाली नावं आमच्या ग्रुपची. एक मित्र म्हणाला, "रांगोळी परंपरेची, तिला कसली आलीय मालकी?" अर्धं खरंय. ठिपके आणि नियम सगळ्यांचे. पण आम्ही कॉम्प्युटरला परंपरा दिली नव्हती, मावशींची एक रांगोळी दिली होती. पाकळीचं टोक किंचित डावीकडे वळवायची त्यांची सवय शंभरही चित्रांत उतरलीय. आज एका वाक्यावरून चित्र काढणारं एआय कोट्यवधी चित्रांवर शिकलेलं असतं, तिथे नावं शोधणं अवघड. आमच्याकडे तर एकच नाव होतं.

ते रिपोर्टमध्ये घालायला बसले आणि हात थांबला. अडीच वर्षं त्यांच्या हातच्या पोळ्या खातेय, पण नाव माहीतच नव्हतं. नुसतं 'मावशी'.

म्हणून माझं म्हणणं एवढंच : नमुना घेण्याआधी विचारा आणि नाव छापा. त्याला कोडची एक ओळही जास्त लागत नाही.

रिपोर्टच्या पहिल्या पानावर आता त्यांचं नाव आहे. इथेही छापू का, असं विचारलं, तर म्हणाल्या, "काय लिहिलंयस ते आधी वाचून दाखव."

आज रात्री जेवणं आटोपल्यावर वाचणार आहे.