गाळ मोजायचा, तर पुरात मोजा

पहिले मोठे पाऊस झाले, की नद्या तांबड्या-काळ्या होतात आणि आमच्या सरकारी रुग्णालयांच्या ओपीडीत जुलाब-उलट्यांचे रुग्ण वाढू लागतात. या दोन गोष्टींचा संबंध आहे. गढूळ पाण्यात नेहमीच्या मापाने टीसीएल पावडर टाकली, तरी बराचसा क्लोरिन मातीतल्या सेंद्रिय पदार्थांवरच खर्च होतो आणि जंतू मातीच्या कणांआड सुरक्षित राहतात. म्हणून आधी तुरटी फिरवून गाळ खाली बसवायचा आणि मग क्लोरिन द्यायचा, असा क्रम असतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात गढूळपणाची मर्यादा १ एनटीयू आहे. दुसरा स्रोतच नसेल तर ५ पर्यंत चालते. पुराच्या पाण्यात हाच आकडा शेकड्यांत, कधी हजारांत जातो.

पाणी शुद्ध कसे करावे हे आम्ही डॉक्टर सांगतच असतो. आज मला त्याच्या आधीचा प्रश्न विचारायचा आहे. ही माती येते कुठून, येते किती आणि ती आपण मोजतो कशी?

देशाच्या पातळीवर सर्वाधिक उद्धृत होणारा अंदाज १९८३ सालचा आहे. ध्रुव नारायण आणि राम बाबू या मृदासंधारण शास्त्रज्ञांनी काढलेल्या हिशेबानुसार भारतात दरवर्षी सुमारे ५३३ कोटी टन माती जागची हलते, म्हणजे हेक्टरी साधारण १६ टन. त्यातली सुमारे २९ टक्के समुद्रात जाते, १० टक्के धरणांत बसते आणि उरलेली एका जागेवरून दुसऱ्या जागी सरकते. हेक्टरी १६ टन ऐकायला भयंकर वाटते, पण शेतात तो जेमतेम एका मिलिमीटरहून थोडा जास्त थर असतो. डोळ्यांना तो दिसत नाही. रक्तदाबासारखे हे दुखणे आहे. वीस-बावीस वर्षांत एक इंच माती निघून जाते आणि तेवढी तयार व्हायला निसर्गाला शेकडो वर्षे लागतात. न दिसणारे दुखणे मोजावेच लागते.

मोजण्याचा एक मार्ग सूत्राचा आहे. अमेरिकेत विशमायर आणि स्मिथ यांनी १९६५ मध्ये धूप मोजण्याचे सार्वत्रिक समीकरण मांडले. पावसाचा मारा, मातीचा ठिसूळपणा, उताराची लांबी आणि चढ, जमिनीवरचे आच्छादन, बांधबंदिस्ती, या घटकांचा गुणाकार केला की वर्षाची धूप मिळते. समीकरण उपयोगी आहे आणि जगभर वापरले जाते. पण ते अमेरिकेतल्या शेतांवरच्या नोंदींवर उभे राहिले. आपला पाऊस चार महिन्यांत येतो आणि त्यातलाही निर्णायक भाग काही तासांत कोसळतो. शिवाय हे समीकरण शेतातल्या थराची धूप सांगते. मोठ्या घळी, कोसळणारे नदीकाठ आणि दरडी त्यात धरलेल्या नाहीत. ३० जुलै २०१४ रोजी माळीणवर जो डोंगर आला, तो या गुणाकारात कुठेच बसत नाही. गोऱ्या रुग्णांवर ठरवलेली पोटाच्या घेराची मर्यादा भारतीयांना जशीच्या तशी लावून चालत नाही, ती आम्ही बदलून घेतली. मातीच्या बाबतीतही तेच करायला हवे.

दुसरा मार्ग नदीतच मोजण्याचा. पाण्याचा नमुना घ्यायचा, गाळून-वाळवून त्यातला गाळ तोलायचा आणि नदीच्या प्रवाहाने गुणायचे. केंद्रीय जल आयोग मोठ्या नद्यांवर हे काम वर्षानुवर्षे करत आला आहे. अडचण वेळेची आहे. उष्ण कटिबंधातल्या नद्या वर्षाचा बहुतांश गाळ पुराच्या मोजक्या दिवसांत वाहून नेतात आणि नेमके त्याच वेळी नमुना घेणे सर्वांत अवघड असते. मग शांत दिवसांच्या नमुन्यांवरून आलेख काढून पुराचा गाळ अंदाजाने भरला जातो आणि अशा अंदाजात खरा आकडा कमी येण्याकडे कल असतो. संध्याकाळी चढणारा ताप रोज सकाळी आठलाच मोजला, तर तक्त्यावर रुग्ण ठणठणीत दिसतो. चोवीस तासांच्या लघवीतले प्रथिन मोजताना एक बाटली ओतून दिली, तर उरलेल्या बाटल्यांचा अहवाल कितीही नेटका असला तरी चुकीचाच. पुराचा दिवस ही आपली ओतून दिलेली बाटली आहे.

यावर कुणी म्हणेल, मोजमाप कशाला, गाळ काढून टाकू. महाराष्ट्रात २०१७ पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आहे. तलावातली सुपीक माती शेतात परत जाते ही चांगलीच गोष्ट आहे. चिपळूणमध्ये २२ जुलै २०२१ च्या महापुरानंतर वाशिष्ठीतला गाळ काढण्याची मागणी झाली, तीही समजण्यासारखी होती. घराघरांतला चिखल ज्यांनी उपसला त्यांना तत्त्वज्ञान सांगू नये. त्या चिखलातून लेप्टोस्पायरोसिस होतो, म्हणून पुरानंतर डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या वाटाव्या लागतात, हे आम्हाला ठाऊक आहे. पण उपसा हा पोटातले पाणी सुई घालून काढण्यासारखा आहे. रुग्णाला तात्पुरता आराम पडतो; यकृत बिघडलेलेच असेल तर पाणी पुन्हा भरते. किती ब्रास गाळ काढला याचा फलक तलावाकाठी लागतो. गेल्या पावसाळ्यात किती आला, हा आकडा त्या फलकावर मी तरी पाहिलेला नाही. जमा न लिहिता नुसता खर्च लिहिणारी वही कुठलाही दुकानदार ठेवणार नाही.

गाळाला सरसकट शत्रू ठरवणेही चूक होईल. आपल्या नाशिक जिल्ह्यात उगम पावणारी गोदावरी आंध्रात समुद्राला मिळते, तिथला त्रिभुज प्रदेश याच गाळाने घडला. १९७० च्या दशकाच्या तुलनेत १९९० च्या दशकात तिथे पोहोचणारा गाळ साधारण एक तृतीयांशावर आला. धरणांनी तो मधेच अडवला आणि किनारा खचू लागला. म्हणजे वर शेतातून माती जाते, मध्ये धरण भरते आणि खाली किनारा उपाशी राहतो. माती किती आणि कुठे अडकली, हे तिन्ही ठिकाणी मोजल्याशिवाय कुठला उपाय कुठे करायचा ते कळणार नाही.

उपाय महागडे नाहीत, याचा एक जुना पुरावा मला फार आवडतो. आफ्रिकेत आजच्या झिम्बाब्वेमध्ये नॉर्मन हडसन यांनी शेजारी-शेजारी दोन उघडे वाफे ठेवले. त्यातल्या एकावर थोड्या उंचीवर मच्छरदाणीची जाळी ताणली. पाऊस दोन्हींवर सारखाच पडला, पण जाळीने थेंबांचा मार फोडला. दहा वर्षांच्या नोंदीत उघड्या वाफ्यातली माती जाळीखालच्या वाफ्यापेक्षा शंभर पटींहून अधिक गेली. आम्ही हिवतापासाठी वाटतो त्या मच्छरदाणीने मातीचेही रक्षण केले! शेतात जाळी लावायची गरज नाही. पाचट न जाळता पसरणे, उताराला आडवी पेरणी, बांधावर गवत आणि पहिल्या पावसात जमीन उघडी न ठेवणे, ही कामे जाळीचीच आहेत.

माझ्या मागण्या तीन आहेत. पहिली, नद्यांवर गढूळपणा सतत नोंदवणारी उपकरणे लावावीत, कारण माणूस पुरात उतरू शकत नाही. अधूनमधून घेतलेल्या नमुन्यांशी त्यांचा मेळ घालावा. दुसरी, प्रत्येक उपशाच्या कामासोबत त्या तलावात दरवर्षी येणाऱ्या गाळाचे मोजमाप बंधनकारक करावे आणि आकडे लोकांसमोर ठेवावेत. तिसरी मागणी माझ्या खात्याशी जोडलेली आहे. नदीतल्या गढूळपणाची सूचना त्याच दिवशी खालच्या गावांच्या जलसुरक्षकांपर्यंत पोहोचावी, म्हणजे टीसीएलच्या आधी तुरटी पडेल आणि पाणी उकळण्याचा निरोप वेळेत जाईल. आज अनेकदा ही सूचना आम्हाला रुग्णांच्या रांगेतून मिळते.

या पावसाळ्यात वाचकांनीही एक करून पाहावे. काचेच्या पारदर्शक बाटलीत ओढ्याचे पाणी भरावे, रात्रभर ठेवावे आणि तळाशी बसलेला थर पट्टीने मोजून तारीख लिहावी. मोठ्या पावसाच्या दिवशी मोजावे आणि उघडीप पडल्यावरही मोजावे. मात्र नमुना पुलावरून किंवा सुरक्षित काठावरून घ्या, पुराच्या पाण्यात उतरू नका. हे काही शास्त्रीय मोजमाप नव्हे. पण दोन बाटल्या शेजारी ठेवल्या, की कुठला दिवस मोजायचा राहून जातो ते ग्रामसभेत कुणाला समजावून सांगावे लागणार नाही.