दुकानाची पायरी

आपल्या मराठी भाषेंत ‘पायरी’ या शब्दाला मोठा मान आहे. पंढरपुरास नामदेवाची पायरी आहे. वारकरी तिच्यावर पाय न देतां तिला हात लावून आंत जातात. ‘आपली पायरी ओळखून वागावें’ असें घरांतील वडील माणसें सांगतात, आणि ‘शहाण्यानें कोर्टाची पायरी चढूं नये’ ही म्हण तर सर्वांस ठाऊक आहे. परंतु ज्या पायरीविषयीं मी आज चार शब्द लिहिणार आहें, ती यांपैकीं कोणतीच नव्हे. ती आपल्या नित्याच्या दुकानाची पायरी होय. ती चढून आपण मीठ आणतों, कापड आणतों, वह्या आणतों. आणि ती तेथें आहे हें आपल्या ध्यानांतहि येत नाहीं.

कांहीं वर्षांपूर्वीं माझ्या वर्गांत एक विद्यार्थी होता. त्याचे पाय लहानपणापासून अधू. कुबड्यांच्या आधारानें तो चाले. गणितांत मात्र त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. एकदां दिवाळीच्या आधीं तो वडिलांबरोबर सदऱ्याचें कापड घेण्यास बाजारांत आला असतां माझी व त्यांची गांठ पडली. दुकानास तीन उंच पायऱ्या होत्या. धरावयास कठडा नव्हता. दुकानदार भला गृहस्थ होता. त्यानें लगेच रस्त्याच्या कडेला खुर्ची मांडविली, मुलाला चहा दिला, आणि कापडाचे दोन तागे बाहेर आणून दाखविले. आंत इतर मुलें पन्नास तागे उलगडून पाहत होतीं. परत जातांना मुलगा मला म्हणाला, “सर, त्यांनीं मला चहा दिला, पण रंग मला निवडतां आला नाहीं.”

त्या एका वाक्यांत सारा विषय आलेला आहे. आपण अपंग मनुष्याला दया देतों. निवड देत नाहीं. हल्लीं ‘दिव्यांग’ हा शब्द रूढ झाला आहे. शब्द गौरवाचा आहे; परंतु शब्द बदलल्यानें पायरीची उंची एका बोटानेंहि कमी झालेली नाहीं.

ही पायरी कोणीं द्वेषानें बांधलेली नाहीं, हेंहि खरें. पावसाचें पाणी दुकानांत शिरूं नये म्हणून जोतें उंच घेतात. रस्ता व दुकान यांमध्यें गटार असतें. त्यावर फरशी टाकून दोनतीन पायऱ्या केल्या कीं काम झालें असें वाटतें. लातूरची गंजगोलाई पाहा. सन १९१७ मध्यें आंखलेल्या या वर्तुळाकार पेठेस सोळा रस्ते येऊन मिळतात. कोणत्याहि दिशेनें येणाऱ्या माणसास बाजार गांठतां यावा, अशीच जणूं ही रचना आहे. सोळा वाटांनीं माणूस येतो, आणि शेवटच्या दीड हातावर येऊन अडतो! नांदेडास सचखंड हुजूर साहिबाच्या दर्शनासाठीं देशाच्या कानाकोपऱ्यांतून यात्रेकरू येतात. त्यांत गुडघे धरून चालणारे वृद्ध थोडे नसतात. त्यांच्या येण्यावर कितीतरी खाणावळी, उतारगृहें व दुकानें चालतात. ज्या व्यापाऱ्याचें गिऱ्हाईकच वृद्ध आहे, त्यानें जिन्याचा विचार न करणें हा धर्माचा प्रश्न बाजूस ठेवला तरी धंद्याचा अविचार होय.

कोणी म्हणेल, असे लोक आहेत तरी किती? सन २०११ च्या जनगणनेंत भारतांत सुमारें २ कोटि ६८ लक्ष अपंग व्यक्ति नोंदल्या गेल्या. त्यांपैकीं सुमारें २९ लक्ष ६३ हजार आपल्या महाराष्ट्रांतील होत्या. त्या वेळीं मोजणींत न आलेले अनेक प्रकार पुढें कायद्यानें मान्य केले, हें लक्षांत घेतलें तर आंकडा लहान म्हणतां येणार नाहीं. शिवाय धडधाकटपणा ही कोणाची मिरास नव्हे. सन १९९३ च्या ३० सप्टेंबर रोजीं पहाटे चारच्या सुमारास किल्लारीच्या परिसरांत भूकंप झाला, हें या भागांतील कोणत्याहि घरास सांगावें लागत नाहीं. सुमारें दहा हजार माणसें मृत्यु पावलीं. परंतु जीं ढिगाऱ्यांतून जिवंत निघालीं, त्यांतील कित्येकांचे हातपाय गेले, कित्येकांच्या पाठीचे कणे मोडले. रात्रीं गणपतीचें विसर्जन करून आपल्या पायांनीं घरीं परतलेला माणूस सकाळीं पायांवाचून उठला. मराठवाड्यानें तरी ‘तो प्रश्न दुसऱ्यांचा’ असें म्हणूं नये.

कायदा या बाबतींत मागें राहिलेला नाहीं. सन १९९५ च्या कायद्यांत अपंगत्वाचे सात प्रकार होते. सन २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानें ते एकवीस केले. हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून अमलांत आला. सेवा देणारा सरकारी असो वा खाजगी, त्यानें ती सर्वांस घेतां येईल अशी ठेविली पाहिजे, असें त्यांत सांगितलें आहे. राजीव रतुरी नांवाच्या एका अंध गृहस्थांनीं सन २००५ मध्यें सर्वोच्च न्यायालयाकडे दाद मागितली होती. ८ नोव्हेंबर २०२४ रोजीं त्या न्यायालयानें निर्णय दिला कीं, या सोयींचे नियम केवळ शिफारशीवजा असून भागणार नाहीं. ते बंधनकारक असले पाहिजेत. महाराष्ट्र शासनानेंहि ३ डिसेंबर २०२२ रोजीं दिव्यांगांच्या कल्याणासाठीं स्वतंत्र विभाग केला. परंतु कायदा दारापर्यंत येतो. दार उघडणारा हात आंतल्या माणसाचाच असावा लागतो.

येथें आम्हां शिक्षकांची चूकहि कबूल केली पाहिजे. वर सांगितलेला विद्यार्थी दहावींत आला, तेव्हां आमचा दहावीचा वर्ग माडीवर होता. पहिले दोन महिने त्याचे सोबती त्याला उचलून वर नेत, आणि आम्ही त्या मुलांची पाठ थोपटीत असूं. आम्हांला वाटे, केवढा हा बंधुभाव! एके दिवशीं त्याची आई शाळेंत आली आणि म्हणाली, “सर, पोरं उचलतात, त्यांचं भलं होवो. पण ह्यो दिवसभर पाणी पीत नाही. मधेच खाली कोण नेणार म्हणतो.” दुसऱ्या दिवशीं आम्हीं दहावीचा वर्ग खालीं आणिला व पांचवीचा वर नेला. काम तासाभराचें होतें. खर्च एक पैचाहि आला नाहीं. दोन महिने तो मुलगा तहानेला राहिला तो आमच्या गरिबीमुळें नव्हे, तर आमच्या लक्षांत न आल्यामुळें.

पुढें तो वाणिज्य शाखेचा पदवीधर झाला. एका आडत पेढीवर हिशेबनिसाची जागा होती. तेथें तो गेला. मालकांनीं परीक्षा घेतली. हिशेब चोख, संगणकावर हात सराईत. मालक प्रसन्न झाले, आणि मग म्हणाले, “सर्व उत्तम आहे, पण आमची हिशेबाची बैठक माडीवर आहे. तुम्ही वर कसे येणार?” मुलगा परत आला. त्या पेढीचें एक मेज खालीं येऊं शकलें असतें. तें आलें नाहीं, आणि पेढीनें एक चांगला हिशेबनीस गमावला. अडचण मुलाच्या पायांत होती कीं मेजाच्या जागेंत, याचा वाचकांनींच विचार करावा.

आतां करावयाचें काय? उताराचा साधा नियम असा आहे कीं, एक फूट उंचीस बारा फूट लांबी असावी. त्याहून उभा उतार चाकाच्या खुर्चीस धोक्याचा होतो. एवढी जागा प्रत्येक दुकानापुढें नसते. पायरी एकच व लहान असेल तर घडीचा लोखंडी उतार आंत ठेवून गरजेच्या वेळीं लावतां येतो. जोतें उंच असेल तर शेजारच्या चार दुकानदारांनीं मिळून व नगरपालिकेस विचारून भिंतीच्या कडेनें एकच सामाइक उतार करावा. हेंहि न जमल्यास निदान भक्कम कठडा तरी लावावा. या उतारावरून पोतें वाहणारा हमाल, तान्हें मूल घेतलेली आई व आपले आजोबाहि चढतील.

पायरी दगडाचीच असते असें नाहीं. बहिऱ्या गिऱ्हाइकाकडे तोंड करून सावकाश बोलावें, नाहीं तर किंमत कागदावर लिहून दाखवावी. अंध गिऱ्हाइकाशीं बोलतांना त्याच्या सोबत्याला ‘यांना काय पाहिजे?’ असें विचारूं नये, त्यालाच विचारावें. पैसे परत देतांना प्रत्येक नोट कितीची हें उच्चारून हातीं द्यावी. विद्यार्थ्यांनीं घरीं नोटेच्या कडा बोटांनीं चांचपून पाहाव्या: शंभराच्या नोटेवर चार तिरक्या उठावदार रेघा आहेत, दोनशेंच्या नोटेवर चार रेघा व दोन वर्तुळें, पांचशेंच्या नोटेवर पांच रेघा. आपण रोज हाताळतों त्या नोटेवर हें लिहिलेलें असतें, आणि आपल्याला तें दिसत नाहीं!

काम देण्याविषयींहि उदाहरणें आहेत. मुंबईंत सन २००९ च्या सुमारास ‘मिरॅकल कुरियर्स’ ही टपाल पोंचविणारी संस्था निघाली. तिनें बधिर तरुणतरुणींना कामावर घेतलें. सन २०१५ मध्यें पवई येथें ‘मिर्ची अँड माईम’ हें उपाहारगृह निघालें. तेथें वाढणारे बधिर होते, आणि पदार्थांच्या यादींत प्रत्येक पदार्थाची खूण चित्रानें दाखविलेली होती. गिऱ्हाईक ती खूण करून पदार्थ मागवी. तेथें शिकावें लागलें तें गिऱ्हाइकाला.

दुकानदार म्हणतात, “आमच्याकडे असें गिऱ्हाईक येतच नाहीं, मग खर्च कशाला?” हें म्हणणें म्हणजे विहिरीवर दोर न ठेवतां, गांवाला तहान नाहीं असें म्हणण्यासारखें आहे. तीं माणसें येत नाहींत, कारण पायरी आहे.

सन १९०० मध्यें ॲना मिलार्ड या मिशनरी बाईंनीं मुंबईंत अंध मुलांकरितां शाळा काढली. शाळेचें दार उघडण्यास तेव्हांपासून सव्वाशें वर्षें लोटलीं. बाजाराचें दार मात्र अजून अर्धेंच उघडलेलें आहे. शिकवून तयार केलेला मुलगा पेढीच्या जिन्यापाशीं थांबत असेल, तर आमचें शिकविणें अपुरेंच राहिलें म्हणावें लागेल.

विद्यार्थी मित्रहो, या सुटींत आपापल्या गल्लींतील दहा दुकानांच्या पायऱ्या मोजा, आणि आजीचा हात धरून त्यांतील किती चढतां येतात तें पाहा. पालकहो, तुमच्यापैकीं पुष्कळांचीं दुकानें व पेढ्या आहेत. मुलानें मोजलेल्या पायऱ्यांचा कागद तुमच्यापुढें ठेविला, तर त्यावर रागावूं नका. आणि कोणाची हिशेबाची बैठक माडीवर असेल, तर ती खालीं आणण्यास तासच लागतो, हें मीं अनुभवानें सांगितलेंच आहे. तो हिशेबनीस अजून कामाच्या शोधांत आहे.