आंब्याच्या धन्याला विचारले; सागाचे काय?

१/ आज्ञापत्रातील वृक्षांविषयीचा उतारा समाजमाध्यमांवर वारंवार फिरतो. आंबा-फणसांना हात लावू नये, रयतेने ती झाडे वर्षानुवर्षे जपून वाढवलेली असतात, हा त्याचा आशय. उतारा थोर आहेच. पण आपण त्याचा अर्धाच भाग वाचतो. उरलेला अर्धा सागाविषयी आहे.

२/ आधी एक खुलासा. हे शिवाजी महाराजांचे पत्र नव्हे. रामचंद्रपंत अमात्यांचा हा राजनीतिपर ग्रंथ १७१५-१६ च्या सुमारास, कोल्हापूरच्या दुसऱ्या संभाजी छत्रपतींच्या काळात सिद्ध झाला. शिवकालीन धोरणाची स्मृती त्यात आहे, म्हणूनच तो मोलाचा.

३/ उताऱ्याचा विषय मुळात आरमार आहे. जहाजांना मोठे लाकूड लागते. ते स्वराज्याच्या अरण्यांतील सागवानादी वृक्षांचे, हुजुरांच्या परवानगीने तोडावे. कमी पडेल ते परमुलखातून विकत आणावे. आंबा-फणसाचे एखादे जीर्ण झाड हवेच असेल, तर धन्याला राजी करून, मोल देऊन घ्यावे.

४/ म्हणजे आंब्याला धनी आहे आणि त्याची संमती आवश्यक आहे. सागाला मात्र हुजुरांची परवानगी पुरते. त्या अरण्यात राहणाऱ्यांना विचारावे, असे तेथे म्हटलेले नाही.

५/ सागच का? त्याच्यातील तेलामुळे ते लाकूड वाळवीला आणि पाण्याला दाद देत नाही. ओकमधील आम्लाने लोखंडी खिळे गंजतात, सागात तसे होत नाही. नेपोलियनशी युद्धे चालू असताना इंग्लंडला ओक अपुरा पडू लागला, तेव्हा त्या आरमाराची नजर मलबारच्या सागाकडे वळली.

६/ १८०६ मध्ये कंपनीने कॅप्टन वॉटसनला मलबारात वनसंरक्षक नेमले. १८०७ च्या जाहीरनाम्याने सागावर सरकारचा हक्क सांगितला; खासगी जमिनीतील सागही त्यातून सुटला नाही. वाडिया घराण्याने मुंबईच्या गोदीत बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ (१८१७) ही मलबारी सागाचीच. ती आजही इंग्लंडात हार्टलपूल येथे तरंगते आहे.

७/ जमीनमालक व लाकूडव्यापारी यांचा असंतोष इतका वाढला की १८२३ मध्ये मद्रासचा गव्हर्नर टॉमस मन्रो याच्या काळात ते पद व ती मक्तेदारी रद्द झाली. पण विचार मेला नाही. १८६५ चा आणि त्याहून कठोर असा १८७८ चा वनकायदा आला आणि ‘राखीव जंगल’ हा शब्द गावकऱ्यांच्या आयुष्यात शिरला.

८/ त्याची किंमत महाराष्ट्राने मोजली आहे. २५ सप्टेंबर १९३० रोजी उरणजवळच्या चिरनेर येथे जंगल सत्याग्रहींवर गोळीबार झाला. आठ जण हुतात्मा झाले. त्यांत नाग्या कातकरी हा आदिवासी तरुण होता.

९/ मराठी राज्य आणि कंपनी एकाच मापाने मोजता येत नाहीत. आज्ञापत्रातील मागणी आरमाराच्या गरजेपुरती आहे, तिला खरेदीचा पर्याय आहे आणि रयतेच्या झाडापाशी ती थांबते. कंपनीने ही शेवटची मर्यादाच ओलांडली. मात्र ‘जंगलातला साग राज्याचा’ ही कल्पना इंग्रजांनी शून्यातून आणली, असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही.

१०/ २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबू, तेंदू, मध यांवर वनवासीयांची मालकी मान्य केली. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाने बांबूवरचा हक्क प्रत्यक्ष बजावून दाखवला. पण गौण वनोपजाच्या त्या व्याख्येत इमारती लाकूड नाही. साग अजूनही कुंपणापलीकडेच आहे.

११/ म्हणून हा उतारा अवश्य पसरवा, पण पूर्ण पसरवा. त्याचे मोठेपण केवळ वृक्षप्रेमात नाही. आरमाराची निकड असतानाही झाडाच्या धन्याला विचारण्यात आहे. तीनशे वर्षांपूर्वी आंब्यासाठी मान्य झालेले हे तत्त्व सागाच्या सावलीत राहणाऱ्यांनाही लागू व्हावे, एवढेच माझे म्हणणे.